शुद्ध निरोप

“म्हणजे सगळेच चुकीचं बोलायला लागले, की चूक बरोबर ठरते का, बुवा?”

मुकुंदाचा आवाज चढला होता.

सिद्धनाथबुवा मठाच्या ओसरीवर बसून भिजवलेले वाल सोलत होते. हिवाळ्यात त्यांचा उजवा हात लुळा पडून कसाबसा सावरला होता. बोटं आता पूर्वीसारखी चालत नव्हती.

“काय चुकलं आता लोकांचं?” त्यांनी विचारलं.

मुकुंदा इंग्रजीचा प्राध्यापक. लहानपणी याच ओसरीवर बुवांकडून मुळाक्षरं गिरवायला शिकला, आणि पुढे लोकांच्या बोलण्यातल्या चुका काढायला शिकला. हे दुसरं काही बुवांनी शिकवलं नव्हतं.

“इंग्रज म्हणतो, मी प्रेमात असा पडलो की डोकं टाचांच्या वर गेलं. अहो, डोकं टाचांच्या वरच असतं. एरवी कुठं असतं?”

“प्रेमात पडलेल्याला एवढं कुठलं कळायला?”

“आणि म्हणतो, बूट-मोजे घाल. आधी बूट घालून त्यावर मोजे चढवायचे का? बरं, अडाणी माणूस बोलला तर सोडून देऊ. पण हे शब्दकोशात बसवायचं? माझ्या वर्गात कुणी असलं काही लिहिलं, तर मी मार्क कापतो.”

“कापतोस?”

“कापतो.” मुकुंदा जरा अवघडला. “चुकीला चूक म्हणायला कुणीतरी हवं ना.”

बुवांनी एक वाल सोलून वाटीत टाकला.

“आणि आपल्याकडे रे?”

“आपल्याकडे तर आनंदच आहे. बांगडी फुटते, तर म्हणे वाढली. गाव जागचं हलत नाही, आणि एसटीतली माणसं म्हणतात, गाव आलं.”

बुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मुकुंदाने धावत जाऊन तांब्या आणला, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. पाठीची हाडं हाताला लागली.

त्याने तांब्या खाली ठेवला.

वाद घालायला तो आलाच नव्हता. उद्या तो नोकरीसाठी आफ्रिकेला निघाला होता, आणि परतायला काही वर्षं तरी लागणार होती. बुवांची ऐंशी केव्हाच उलटली होती. याचा अर्थ दोघांनाही कळत होता, म्हणूनच तर मुकुंदा सकाळपासून भाषेवर बोलत होता.

“सगळ्यांत वाईट म्हणजे ‘येतो’,” तो पुन्हा सुरू झाला. “निघालेला माणूस ‘येतो’ कसा म्हणतो? उघड उघड खोटं.”

हे बुवांना नवीन नव्हतं. कॉलेजात गेल्यापासून मुकुंदा ही ओसरी उतरताना “जातो” असंच म्हणायचा. मठात आलेल्या बायका कानांवर हात ठेवायच्या. निघताना ‘जातो’ म्हणू नये, एवढं पोरासोरांनाही ठाऊक असतं. बुवा मात्र दर वेळी शांतपणे “ये” म्हणायचे. त्यात कधी खंड पडला नव्हता.

“तुम्हीच सांगा, बुवा. माझं बरोबर, की लोकांचं?”

बुवांनी हातातला वाल वाटीत टाकला.

“तुझं,” ते म्हणाले. “माझंच आजवर चुकत आलं.”

मुकुंदा जिंकला. पण त्याला काही बरं वाटलं नाही.

ऊन उतरलं. एसटीची वेळ झाली. मुकुंदाने बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग उठून पिशवी खांद्याला लावली.

“जातो, बुवा.”

तो थांबला. नेहमीचा शब्द ऐकू यायचा होता.

“जा,” बुवा म्हणाले.

मुकुंदा पायऱ्या उतरला. चपला पायाशीच होत्या, तरी त्याला सापडेनात. फाटकाशी जाऊन त्याने कडी काढली, आणि त्याचा हात तिथंच राहिला…

या ओसरीवरून त्याला असं कुणी कधी वाटेला लावलं नव्हतं. आपली वाट बघणारं मागे कुणी उरलंच नाही, असं त्याला वाटलं.

तो परत फिरला. लहानपणी पाढा विसरल्यावर उभा राहायचा, तसा ओसरीसमोर मान खाली घालून उभा राहिला.

“बुवा…”

“काय राहिलं?” बुवांनी वाटीवरची नजर उचलली नाही.

मुकुंदाने खांद्यावरची पिशवी सारखी केली.

“येतो,” तो म्हणाला.

बुवांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. डोळे भरले होते, आणि तरी ते हसत होते.

“चुकलास,” ते म्हणाले. “ये हं.”