गोजरेनं घेतला भरल्या दिवसांचा वसा

ऐका जिवतीबाई, तुमची कहाणी. एक होतं आटपाट नगर, तिथं होतं कुंभाराचं घर. घरात सासू, तिचा लेक आणि सून. सुनेचं नाव गोजरा. दोनदा तिला दिवस गेले, दोनदा सातव्यातच ती बाळंत झाली. एका तळहातावर मावतील एवढी लेकरं, जगली नाहीत.

मग तिसऱ्यांदा दिवस राहिले. गोजरा मनात भिई. सासू मायेची. म्हणे, "सूनबाई, अर्धीच भाकर खा. बाळ बारीक, तर सुटका सोपी." मग म्हणे, "मळमळतंय? तंबाखूची मिश्री लाव दातांना." मग म्हणे, "लघवीला जळजळतंय? असलं कुणाला सांगू नये."

एके दिवशी सासू मडकी भाजायचा आवा पेटवत होती. जिवती म्हातारीचं रूप घेऊन दारी आली. "बाई, बाई, भाकर वाढ." गोजरेनं आपली अर्धी भाकर पुढं केली. "अगं, मग तू काय खाशील? पोटातलं काय खाईल?" सासू म्हणाली, "बाळ बारीक राहायला हवं, आजी." म्हातारी हसली. "कुंभारीण ना तू? मडकं हलकं निघावं म्हणून आव्यात सरपण कमी घालतेस?"

"घालीन कशी? कच्चं निघेल की!" सासू बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

मग गोजरेनं विचारलं, "आजी, मी काय करू?"

"वसा घे. पहिली भाकर तुझी, पोटभर. मिश्रीला बोट लावू नको. दुखलं, जळजळलं, अंगावरून पाणी गेलं, रक्त गेलं, तर त्याच पावली दवाखाना गाठ. लाजू नको, लपवू नको, उद्यावर टाकू नको."

सासूनं मिश्रीचा डबा उकिरड्यावर पालथा केला. "मीही सोडली, बाई!" मग सुनेला दवाखान्यात नेलं, जळजळीवर औषध घेतलं.

मग सातवा लागला. भाकरी थापताना कळ आली. गोजरा लाजली नाही, ओरडलीच, "सासूबाई, गाडी!"

"अगं, आपल्याकडं गाढवंच!"

"मग शेजारची बैलगाडी आणा!"

दवाखान्यात ठेवून घेतलं, औषधं दिली. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसऱ्या दिवशी कळा निवल्या. मग सातवा सरला, आठवा सरला, नववा भरला. मुलगी झाली. अशी रडली, की आळी गोळा झाली. सासू तिला उचलून म्हणाली, "अगंबाई, दोन्ही हात लागतात हिला!" गोजरा हसली, हसता हसता रडली.

जिवती जशी गोजरेला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ज्यांची कूस आधी रिती झाली, त्यांना कुणी बोल लावू नये, त्यांचीही भरो. साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरी गोड झाली, दिवस भरून पुरी झाली.