शेवंताचा पाव

पाय आत घ्या बघू पांघरुणाच्या. हं. आणि मध्येच कुणी 'मग काय झालं' विचारायचं नाही. सांगणारच आहे मी.

तिकडे लांब, डोंगर संपतात आणि माळ सुरू होतो ना, तिथे खमंगपूर नावाचं गाव होतं. गावाला हे नाव पडलं दुलबामुळे. दुलबा होता भट्टीवाला. पहाटे त्याच्या भट्टीतून पावाचा वास सुटला, की कोंबडा आरवायच्या आधीच माणसं उठून बसायची. दुलबाचे हात केवढे होते म्हणून सांगू! सुपाएवढे. त्या हातांनी तो गव्हाचं पीठ मळायचा. आपटायचा, ओढायचा, पुन्हा मळायचा. त्याच्यासारखं मळणं पंचक्रोशीत कुणाला जमत नसे. आणि त्याचा त्याला अभिमान होता, बरं का. पीठ मळताना कुणी बघायला आलं, की दोन हात जास्तच मारायचा.

दुलबाच्या बायकोचं नाव गोदा. आणि मुलगी एकच, शेवंता. पोर चुणचुणीत, पण तिला गहू सोसत नसे. गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी पोट धरून ती गुडघ्यात डोकं घालून बसायची. दुधाचंही तसंच. दही नाही, ताक नाही, लोणी नाही, तूप नाही. मग खायची काय? अरे, भाकरी खायची, भात खायची, पिठलं ओरपायची. उपाशी नव्हती काही. गोदा तिला रोज ऊन ऊन भाकरी करून घालायची.

पण खमंगपुरात एक रीत होती. थंडी सरली, की पौर्णिमेला सगळं गाव वडाच्या पारावर जमायचं. दुलबा गाडीच्या चाकाएवढा पाव भाजायचा. मग राजापासून गुराख्यापर्यंत सगळे तो एकच पाव हाताने मोडून खायचे. शेवंता तेवढी देवळाच्या पायरीवर बसायची, मांडीवर भाकरी घेऊन.

एका वर्षी काय झालं, ती पौर्णिमा महिन्यावर आली होती. दुपारची वेळ. दुलबा लवंडला होता, गोदा नदीवर गेली होती. शेवंताने टोपलीतला एक छोटासा पाव उचलला, परकराच्या ओच्यात लपवला आणि गोठ्यामागे जाऊन खाल्ला. सगळा खाल्ला.

मग जी आजारी पडली ती! अंग तापलं, डोळे खोल गेले. वैद्य आले, काढा दिला. गोदा उशाशी बसून राहिली. कितीतरी दिवसांनी पोरीने डोळे नीट उघडले. दुलबा म्हणाला, "का खाल्लास गं? माहीत होतं ना तुला?"

शेवंता म्हणाली, "सगळे म्हणतात, तुझ्या बाबांसारखा पाव कुणालाच येत नाही. मलाच तेवढं माहीत नव्हतं."

दुलबा उठला, भट्टीपाशी गेला, आणि आतल्या निखाऱ्यांवर त्याने घागरभर पाणी ओतलं. चर्र! सगळं अंगण धुराने भरलं.

गोदा धावत आली. "अहो, हे काय? गाव काय खाईल?"

"भाकरी खाईल. माझी पोर खाते तशी. हिला खाता येईल असा पाव होईपर्यंत मी गव्हाचा पाव भाजणार नाही."

झालं! गावात पाव बंद. खमंगपूरच्या राजाला रोज सकाळी चहात पाव बुडवून खायची सवय. तो रिकामा पेला हातात घेऊनच आला. माणूस पोटाने मोठा, मनाने बरा. त्याने शेवंताच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "दुलबा, तुझं दुःख मला कळतं. पण लोक येऊन माझ्या दारात बसतायत. पौर्णिमेपर्यंत मी थांबतो. तोवर पारावर पाव आला नाही, तर भट्टी मला दुसऱ्याला द्यावी लागेल."

दुलबा म्हणाला, "बरं महाराज."

मग त्याने काय केलं? आधी सगळी भट्टी खरवडून काढली. गव्हाचा एक कण राहता कामा नये. परात राखेने घासली, अंगण सारवलं, नवं सूप आणलं. आणि पांढऱ्याशुभ्र ज्वारीचं पीठ घेऊन मळायला बसला. मळलं, आपटलं, ओढायला गेला तर पीठ तुटून हातात आलं. पुन्हा मळलं. घामाघूम झाला. भट्टीत घातलं आणि बाहेर काय आलं? धोंडा! भेगाळलेला, टणक. गल्लीतल्या कुत्र्याने हुंगला आणि शेपूट पाडून निघून गेला.

दुलबा उठला आणि तडक ज्वारीच्या शेतात गेला. त्या काळी धान्य बोलायचं, बरं का. फार हळू बोलायचं, कणसाला कान लावावा लागायचा. दुलबाने कान लावला आणि विचारलं, "माझं काय चुकलं?"

कणीस म्हणालं, "दुलबा, गव्हाच्या पिठाला हात असतात. ते एकमेकांचे हात धरून उभं राहतं. आम्हाला हात नाहीत रे. तू कितीही मळ. आधी तांदळाला सोबत घे, तो मऊ आहे. आणि आम्हाला कुणाचे तरी हात आणून दे."

"कुणाचे आणू?"

"जवसाला विचार."

मग दुलबा जवसाच्या शेतात गेला. निळी निळी फुलं डोलत होती. त्याने खाली वाकून विचारलं. जवसाचं बोंड म्हणालं, "माझे दाणे कूट. कोमट पाण्यात भिजव आणि जरा वाट बघ."

दुलबाने तसं केलं. जवस भिजलं आणि असं चिकट झालं, की बोट घातलं तर तार निघायची. ते त्याने पिठात घातलं. आता पीठ तुटेना. दुलबाला इतका आनंद झाला, की त्याने ते दाबून दाबून मळलं. पण पाव कसा झाला माहितेय? उशीवर कुणी बसून उठावं ना, तसा. चपटा. फुगवायला दुलबाचं जुनं आंबवण होतं, पण ते पडलं गव्हाचं. ते कसं चालणार?

शेवंता आता भिंतीला धरून चालायला लागली होती. तिने पावाला बोट लावलं आणि म्हणाली, "बाबा, हा झोपलाय."

"खरं आहे गं," दुलबा म्हणाला. "याला श्वासच नाही."

मग गोदाला आठवलं. ती म्हणाली, "माझी आई सांगायची, माळापलीकडे खारं तळं आहे. त्यात आसरा राहते. तिच्याकडे म्हणे असा खार आहे, की जो दगडालासुद्धा फुगवेल." आसरा म्हणजे पाण्यातली बाई, बरं का. ती माणसासारखी दिसते, पण तिचे पाय कधी ओले होत नाहीत.

दुलबा निघाला. माळ तुडवत गेला. तळं आलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. हिरवं गार पाणी, काठाला पांढरी साय धरल्यासारखा खार. आणि एका खडकावर आसरा केस विंचरत बसलेली. दुलबाने लांबूनच हात जोडले. सगळं सांगितलं. पोरगी कशी आजारी पडली, पाव कसा झोपला.

आसरा म्हणाली, "खार देते. पण मला त्याच्या बदल्यात तुझं मळणं दे."

"म्हणजे?"

"तुझ्या हातात जे मळणं आहे ते. इथे पाण्यात ठेवून जा. पुन्हा मिळणार नाही."

दुलबा खालीच बसला. ते मळणं त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं, आणि बापाला त्याच्या बापाने. तेवढंच तर त्याच्यापाशी होतं. त्याने आपले सुपाएवढे हात पालथे करून पाहिले, उताणे करून पाहिले. मळता येत नाही तो भट्टीवाला कसला? लोक काय म्हणतील? खडकाची सावली इकडची तिकडे झाली तरी तो तसाच बसलेला. आसरा केस विंचरत राहिली.

मग दुलबा उठला. काठाशी गेला, वाकला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. हातांभोवतीचं पाणी पीठ कालवल्यासारखं पांढरं झालं आणि हळूहळू पुन्हा निवळलं. हात बाहेर काढले तर ते हलके वाटायला लागले. दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे.

आसराने त्याच्या उपरण्यात मूठभर खार बांधून दिला, संपला की काठावरून घेऊन जा म्हणाली. म्हणाली, "हा आंबटाला भेटला की श्वास सोडतो. पण याचा श्वास आखूड असतो. भिजवलं की थांबायचं नाही. थेट भट्टीत. आणि आत घालण्याआधी वर सुरीने फुली मार. श्वासाला वाट नको का?"

दुलबा घरी आला तो पौर्णिमेच्या सकाळी. पारावर लोक जमायला लागले होते. राजाही येऊन बसला होता. गोदाने परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, तांदळाचं घेतलं, भिजवलेलं जवस घातलं, थोडं मीठ, थोडं तिळाचं तेल. दुलबाने खार घातला. आता आंबट पाहिजे.

"ताक असतं तर," दुलबा म्हणाला.

"ताक तिला चालतं का?" गोदा म्हणाली. तिने नारळ फोडला, खवून त्याचं दाट दूध काढलं आणि त्यात लिंबू पिळलं. दूध फाटून ताकासारखं झालं. "हे घ्या."

दुलबाने ते पिठावर ओतलं. आणि तसाच बसून राहिला. एरवी हात आपोआप परातीत जायचे. आज त्यांना काही सुचेचना. पीठ कुठून धरायचं, कसं दाबायचं, काही आठवेना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवंता म्हणाली, "बाबा, ते हसायला लागलंय!"

खरंच की! पिठावर बारीक बारीक बुडबुडे येत होते, फुस्स फुस्स करत होते. दुलबाने पटकन बोटांच्या टोकांनी पीठ गोळा केलं. नुसतं गोळा केलं, झोपलेल्या बाळाला उचलतो तसं. शेवंताने सुरीने फुली मारली. आणि गेला गोळा भट्टीत.

सगळे वाट बघत बसले. हळूहळू वास यायला लागला. गव्हाच्या पावाचा नव्हता तो. भाजल्या कणसाचा, नारळाचा, असा काहीतरी वेगळाच. दुलबाने भट्टीचं झाकण काढलं. आत पाव बसला होता, लालसर, गोल, फुलीवर उकलून चार पाकळ्या झालेला! त्याने पाव उलटा करून पाठीवर बोटाने वाजवलं. टक टक. आतून हलका.

दुलबाने पाव पारावर नेला, तसा राजाने लगेच हात पुढे केला. दुलबा म्हणाला, "निवू द्या महाराज. गरम मोडला तर आत चिकट लागेल." मग काय, राजा बिचारा पावाकडे बघत पारावर बसून राहिला.

पाव निवला. दुलबाने तो शेवंताच्या मांडीवर ठेवला. तिने एक पाकळी मोडली, घास घेतला. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघतंय. ती चावतेय, चावतेय. गोदाने पदर तोंडाला लावलेला.

शेवंता म्हणाली, "मधला मऊ आहे. कडेचा कुरकुरीत. मला कडेचा आवडला. बाबा, तुम्हाला कुठला आवडतो?"

दुलबाने अजून घासच घेतला नव्हता! मग तिने मधला तुकडा काढून त्याच्या तोंडात घातला. आणि पुढे सगळ्या गावाने तो इवला इवला मोडून खाल्ला. राजा म्हणाला, "चहात जरा लवकर विरघळतो." पण दोन तुकडे खाल्ले त्याने.

त्या संध्याकाळी गोदा लेकीच्या पोटावर हात ठेवून बसली होती. पोट दुखेना. अंग तापेना. सकाळी बघतात तर अंथरूण रिकामं! शेवंता बोरीच्या झाडाखाली दगड मारून बोरं पाडत होती.

दुलबाचं मळणं काही परत आलं नाही. पण गोदाने इतकी वर्षं ते बघितलं होतं. ती गव्हाचं पीठ मळायला शिकली, आणि चांगली शिकली. सुरुवातीला पीठ आपटल्याचा आवाज आला, की दुलबा दारात उभा राहून ऐकायचा. मग वळायचा आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जायचा. तिथे त्याने वेगळी छोटी भट्टी बांधली होती, गव्हाची भुकटीसुद्धा उडून येऊ नये म्हणून. तिथे तो ज्वारी चाळायला बसायचा. लांबलांबच्या गावांहून आया यायच्या, ज्यांच्या पोरांना गहू सोसत नाही त्या. दुलबा त्यांना पाव द्यायचा, आणि कसा करायचा तेही सांगायचा. काही लपवायचा नाही.

अशी ती सगळी पोटभर जेवून सुखाने राहिली.

काय रे, जागा आहेस का? ही तर केव्हाच झोपली. चल, तूही कूस बदल. दिवा बारीक करते. सकाळी भूक लागली, की मला उठव.