कुंपणावरचे भोपळे

"आणि इथे राहूनही सुखी झाले नाही तर, बाबा?"

रहमतबाबा एकतारीची खुंटी तासत होते. ते तासतच राहिले.

हेमांगीनं मांडीवरच्या रेवाला थोपटलं. पोर दीड वर्षाची. पुण्यातली नोकरी सोडून, नवऱ्याला शनिवार-रविवारच्या भेटींवर राजी करून ती दर्ग्याच्या टेकडीखाली या म्हाताऱ्या फकिराकडे एकतारी करायला शिकायला आली, त्याला आठ महिने होत आले होते. आज मात्र तिची पिशवी भरलेली होती. सोमवारी हजर झालात तर जागा तुमची, असं ऑफिसनं कळवलं होतं.

"जाऊबाईंचा फोन येतो. भोपळे कसे आहेत, विचारतात. माझी चौकशी नाही... भोपळ्यांची."

बाबा हसले नाहीत.

"मग? कसे आहेत?"

तिनं मान वळवली. दर्ग्याला जाणाऱ्या वाटेवर, कुंपणाच्या तारेला ओळीनं, एकतारीसाठी वाळत घातलेले नऊ भोपळे टांगलेले. नऊच्या नऊ तडकलेले.

"दिसतंय की तुम्हाला."

"वेलावरून उतरवले त्या दिवशी मी काय सांगितलं होतं?"

"सावलीत वाळव, म्हणालात. मला वाटलं, उन्हात लवकर होतील."

"एवढंच?"

...

एवढंच नव्हतं. येणारे-जाणारे कुंपणाशी थांबायचे. ताई, हे काय करता, विचारायचे. ती सांगायची. नोकरी सोडल्याचंही सांगून टाकायची, कुणी न विचारता. फोटो काढून जुन्या मैत्रिणींना पाठवायची. त्या दिवशी हात कसे झपाझप चालायचे. कुणी थांबलं नाही, की पटाशी उचलावीशी वाटायची नाही. मग रेवाला झोपवता झोपवता तीच झोपून जायची, आणि उठल्यावर स्वतःला बोल लावायची.

"लोकांना दिसावेत म्हणूनही," ती म्हणाली. "वाटायचं, एकदा कुणीतरी म्हणावं, बाई गं, केलंस ते बरोबर केलंस."

"म्हणालं कुणी?"

"पुष्कळ जण म्हणाले." तिचा आवाज खाली गेला. "दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणीतरी म्हणायला हवं असायचं."

बाबांनी खुंटी खाली ठेवली. चहाला लाकूड आणतो, म्हणत झोपडीमागे गेले.

परत आले तेव्हा हातात लाकूड नव्हतं. धुळीनं माखलेला, एका अंगाला कललेला भोपळा होता.

हेमांगीनं तो लगेच ओळखला. दहावा. वाकडा निघाला म्हणून तिनंच तो सरपणाच्या ढिगामागे टाकला होता. कुंपणावर लावायची लाज वाटली होती.

बाबांनी तो सदऱ्याच्या टोकानं पुसला. बोटाच्या पेरानं वाजवला.

टण्.

रेवानं मान वर केली.

त्यांनी पुन्हा वाजवला. कोरडा, खोल आवाज. कुंपणावरच्या एकाही भोपळ्यानं असा दिला नव्हता.

"हा... हा कसा वाळला?"

"निवांत."

हेमांगीनं भोपळा हातात घेतला. सवयीनं तिचा एक हात फोनकडे गेला. अर्ध्यात थांबला. मग तो भोपळ्याच्या कललेल्या अंगावरून हळूहळू फिरला, गळ्यापाशी आला, कुठे कापायचा ते चाचपू लागला.

वाटेवरून दोन बायका चादर घेऊन चढत गेल्या. तिनं वर पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं तिचं तिलाच आठवलं.

"पण बाबा, मी राहू की जाऊ? सुखाचं तर तुम्ही काहीच..."

बाबांनी करवत तिच्यापुढे सरकवली. रेवाला उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"गाडी कितीची आहे?"

"सहाची."

बाबांनी दाराबाहेर पाहिलं. झोपडीची सावली अजून भिंतीला चिकटूनच होती.

"मग अख्खी दुपार आहे, पोरी. काप."