ओवाळणीत मिळालेला निसणा

फार जुन्या काळी एका ओढ्याकाठी एक न्हावी आणि त्याची बायको राहत होती. न्हावी स्वभावाने गरीब, पण त्याचा वस्तरा कापायचा कमी आणि ओरबाडायचा जास्त. "दाढीला बसायचं की लढाईला?" असं म्हणत गिऱ्हाइकं एकेक करून पलीकडच्या गावी, त्याच्या बायकोच्या न्हावी भावाकडे जाऊ लागली. घरात चूल पेटायची पंचाईत झाली.

त्या दिवाळीत न्हाव्याची बायको भाऊबीजेला माहेरी गेली. गोठ्याचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे एक काळा, तेलकट दगड टेकवून ठेवला होता. भावाने त्यावर तेल ओतून ओतून कोयते घासले होते. दगडाला मधोमध खड्डा पडला होता.

तिने नखाने एक कोपरा खरवडला आणि त्यावर तोंडाची वाफ सोडली. आतून हिरवट रंग दिसला, त्यात एक पांढरी शीर दिसली, आणि ओल्या मातीचा वास आला. हा तर वडिलांचा निसणा, धार लावायचा दगड! वस्तरा पाजवताना वडील त्याला पाण्याशिवाय काही लावत नसत. ते पाणी लहानपणी तीच ओतायची.

"दादा, यंदा ओवाळणीत मला हा दगड दे."

भाऊ पोट धरून हसला. "ने की, बाई! तुझ्या नवऱ्याच्या डोक्याला जोड होईल."

तिने दगड उचलून घेतला. तिचे कान मात्र तापले होते.

घरी परतल्यावर तो सगळा राग घेऊन ती ओढ्यावर गेली. राख आणि कोमट पाणी लावून तिने तेलाची पुटं काढली. मग दगडावर कोळशाने रेघा ओढल्या आणि ओल्या वाळूत, सपाट कातळावर तो घासायला घेतला. जिथे रेघ पुसली जाईना, तिथे अजून खोल होतं. पुन्हा रेघा, पुन्हा घासणं. रागाने जोर लावला की दगड एकाच बाजूला झिजे. म्हणून ती दातओठ खाई, पण हात हलका ठेवी. "हा कोयता तुझा, हे तेल तुझं!" असं पुटपुटत तिने बोटांची सालटी निघेपर्यंत घासलं. शेवटी दगडाचं तोंड आरशासारखं सपाट झालं.

त्यावर पाजवलेला वस्तरा गालावरून सायीवरून फिरावा तसा फिरू लागला. गिऱ्हाइकं परत आली. आणि त्यांच्यामागोमाग भाऊही आला, निवाडा करायला भावकीतल्या एका म्हाताऱ्या आजोबांना घेऊन.

"बापाचा निसणा लेकाचा असतो," तो अंगणातूनच ओरडला. "काढ बाहेर!"

"तू ओवाळणीत दिलास तो."

"चेष्टेत दिला. लेकीला साडीचोळी मिळते, निसणा नाही!"

न्हावी घाबरून म्हणाला, "जाऊ दे गं, देऊन टाक." तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला.

आजोबांनी भावाला विचारलं, "तुझा दगड होता कसा, ते सांग आधी."

"काळा. तेलकट. मध्ये खड्डा."

तिने निसणा आणून आजोबांच्या पुढ्यात ठेवला. हिरवट, पांढऱ्या शिरेचा, सपाट.

"दगड तोच आहे आजोबा, मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "पण दादा सांगतोय ते काळं, ते तेलकट, खड्ड्याच्या भोवतीचा उंचवटा, ते सगळं मी घासून ओढ्यात सोडलं. तेवढंच याचं होतं. जा दादा, पाण्यात उतर आणि गोळा करून ने!"

भाऊ आजोबांकडे वळला.

आजोबांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि न्हाव्यापुढे मांडी घातली. "बोलणं संपलं. आता माझी दाढी कर."

भाऊ पाय आपटत निघून गेला. तिचा राग मात्र दिवस मावळला तरी उतरला नाही. आणि का उतरावा?

तात्पर्य: आपण नासवून टाकलेलं दुसऱ्याने कष्टाने सुधारलं, की मग त्यावर हक्क सांगू नये, आणि कुणी सांगितलाच, तर ज्याने कष्ट केले त्याने मान खाली घालू नये.