रुप्याच्या घंगाळातल्या गोचिडी

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. लहानांनो, तुम्ही ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण या गोष्टीतला सगळा मूर्खपणा मोठ्यांनीच केलेला आहे.

त्या राज्यात राजाची मोठी पागा होती. तीनशे घोडे, दगडी तबेले आणि सभोवती दोन पुरुष उंचीची भिंत. भिंतीला लागून मागच्या बाजूला माळ होता. त्या माळावर धुरपा नावाची एक बाई चाळीस शेळ्या घेऊन राहत होती. तिच्या सासूची सासूही तिथेच शेळ्या राखायची. राजाला त्या माळाचा काही उपयोग नव्हता, म्हणून तिला कुणी उठवलं नव्हतं.

आता पागेतली एक प्रथा सांगतो. सांगतानाही माझ्या मस्तकात तिडीक जाते, पण सांगतो.

राजाच्या कुणा पूर्वजाचा जीव लढाईत त्याच्या घोड्याने वाचवला होता. त्या उपकाराची आठवण म्हणून त्याने फर्मान काढलं, की राजघोड्याच्या रक्ताचा एक थेंबही राजाच्या जमिनीवर सांडता कामा नये. घोड्यांना कुणी चाबकाने फोडून काढू नये, एवढंच त्या भल्या माणसाच्या मनात असावं. पुढे तो गेला, त्याच्या मनातलं त्याच्याबरोबर गेलं आणि फर्मान तेवढं मागे राहिलं.

पावसाळा सरला की घोड्यांना गोचिडी लागत. कानात, आयाळीखाली, शेपटीच्या मुळाशी त्या चिकटत आणि रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढ्या टम्म फुगत. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार खरारा करताना त्या ओढून काढत. पण काढल्यावर मारायच्या कशा? चिरडली की रक्त सांडणार, आणि ते रक्त राजघोड्याचं!

मग पागेच्या कारभाऱ्याने डोकं चालवलं. त्याने रुप्याचं एक घंगाळ घडवून घेतलं. रोज सकाळी सगळ्या जिवंत गोचिडी त्यात गोळा व्हायच्या. पुढे घंटा वाजवणारा, मागे घंगाळ डोक्यावर घेतलेला एक म्हातारा मोतद्दार आणि त्याच्या मागे हात जोडलेला कारभारी, अशी मिरवणूक भिंतीपाशी जायची. मोतद्दार शिडीवर चढायचा आणि घंगाळ पलीकडे उपडं करायचा.

पलीकडची जमीनही राजाचीच होती ना? होती. पण तिथे शेळ्या राहत होत्या, म्हणून ती राजाची जमीन धरायचीच नाही, असं कारभाऱ्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

धुरपाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती दिवस उजाडताच शेळ्या माळावरून चारत टेकडीकडे न्यायची. तिला एवढंच दिसत होतं, की आपल्या शेळ्यांना गोचिडी फार होतात आणि काही केल्या हटत नाहीत. ती रोज दिवस मावळायच्या आत एकेक शेळी मांडीशी धरायची. कानाच्या आत, मानेखाली, सडांच्या मागे बोटं फिरवायची. गोचीड अगदी कातडीलगत धरायची, तोंड आत तुटून राहू नये म्हणून हलक्या हाताने सरळ ओढायची आणि निखाऱ्यात टाकायची. तड असा आवाज झाला की पुढची. गोमाश्यांसाठी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायची, कानांना करंजाचं तेल चोळायची. शेळ्या कोंडायच्या वाडग्याची जमीन तिने पेटत्या पाचटाने शेकून काढली होती, कुडाच्या भेगा शेणामातीने लिंपल्या होत्या.

तरीही तिची दोन करडं गेली. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, पाय लटपटले आणि गेली. धुरपा स्वतःलाच दोष देत राहिली. आपलंच कुठेतरी चुकतंय, असं म्हणत ती आणखी घासायची, आणखी लिंपायची. जिची काही चूक नव्हती ती रडत होती आणि ज्यांची होती ते घंटा वाजवत होते. याचा राग येऊ नये तर कशाचा यावा?

एके दिवशी एक शेळी व्यायला झाली, म्हणून धुरपा सकाळची घरीच थांबली. शेळी भिंतीच्या सावलीत व्याली. धुरपाने करडू पुसून कोरडं केलं, आईच्या पुढ्यात ठेवलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून घंटा ऐकू आली. ती टेकडीवरूनही ऐकू यायची, आणि कुणाची तरी पूजा चालली असेल, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. तिने वर पाहिलं. भिंतीवर एक डोकं दिसलं, मग घंगाळ दिसलं, आणि फुगलेल्या, वळवळणाऱ्या गोचिडी त्या ओल्या करडावर टपाटपा पडल्या.

मोतद्दाराने खाली पाहिलं. त्याची आणि धुरपाची नजरानजर झाली. तो घंगाळ घेऊन शिडी उतरून गेला.

धुरपाने करडू झटकून साफ केलं आणि तशीच तरातरा पागेच्या दाराशी गेली. कारभारी बाहेर आला.

"कारभारी, तुमी माज्या करडांवर गोचिडी टाकताय!"

"टाकत नाही बाई, विसर्जन करतो," कारभारी म्हणाला.

"विसर्जन? माज्या शेळ्या म्हंजे काय नदी हाय व्हय?"

"त्यांच्या पोटात राजघोड्याचं रक्त असतं. ते सांडायला आम्हांला मनाई आहे."

"आन माज्या शेळ्यांचं रगत पिऊन त्या फुगत्यात, त्याचं काय?"

कारभाऱ्याने क्षणभर विचार केला. खरोखरच केला, बरं का. मग म्हणाला, "शेळ्यांच्या रक्ताबद्दल फर्मानात काही लिहिलेलं नाही."

धुरपा म्हणाली, "मग म्या राजालाच इचारते," आणि पाठ फिरवून निघाली.

ही बाई राजाकडे गेली तर आपलं काही खरं नाही, हे कारभाऱ्याला कळत होतं. म्हणून ती पायी पोचायच्या आत तो घोड्यावरून पोचला. म्हणाला, "महाराज, आपल्या घोड्यांना गोचिडी कुठून येतात याचा छडा लागला. भिंतीमागे एका बाईच्या शेळ्या आहेत. त्यांच्या अंगावर मी स्वतः पाहिल्या."

आणि ते खोटंही नव्हतं. त्याने पाहिल्याच होत्या. अशा अर्ध्या खऱ्याची मला जितकी चीड येते तितकी निव्वळ खोट्याचीही येत नाही.

धुरपा दरबारात आली तेव्हा राजाचा निर्णय होऊन गेला होता. तिने तोंड उघडलं, "महाराज, त्या गोचिडी तुमच्याच..."

"शेळ्या गलिच्छ असतात," राजा म्हणाला. "उद्यापर्यंत माळ रिकामा कर. नदीपलीकडे जा."

नदीपलीकडे नुसता खडक होता. ना सावली, ना झाडपाला. दुसऱ्या दिवशी शिपायांनी काठ्या घेऊन शेळ्या पाण्यात हाकल्या. एक करडू आधीच रक्त जाऊन अशक्त झालं होतं. ते पलीकडच्या काठाला लागलं आणि उठलंच नाही. धुरपाने ते वाळूत पुरलं. घोड्यांचं रक्त सांडू नये म्हणून जपणारं ते राज्य, पण त्या करडाकडे एकाही शिपायाने वळून पाहिलं नाही.

इकडे पागेत सगळे खूश होते. घंटा वाजत होती, घंगाळ उपडं होत होतं. पडलेली एकेक गोचीड मातीत शिरून हजारो अंडी घालत होती. पूर्वी त्यातून निघालेली पिल्लं शेळ्यांच्या अंगावर चढायची आणि धुरपाच्या निखाऱ्यात संपायची. आता ती गवताच्या शेंड्यांवर बसून जनावराची वाट पाहू लागली. चरायला शेळ्या नव्हत्या, त्यामुळे गवतही कमरेएवढं वाढलं.

कारभाऱ्याने ते हिरवंगार गवत पाहिलं आणि त्याला आपल्या हुशारीचं मोठं कौतुक वाटलं. "पाहा, शेळ्या गेल्या आणि माळ कसा फुलला!" त्याने विळे देऊन माणसं पाठवली. भारेच्या भारे कापून आणले, घोड्यांपुढे टाकले, घोड्यांखाली अंथरले. जे रोज घंगाळाने बाहेर टाकलं, ते शंभरपट करून स्वतःच्या हाताने आत आणलं. असा शहाणा शोधून सापडायचा नाही!

पंधरा दिवसांत घोडे अंगभर गोचिडींनी काळवंडले. मोतद्दारांची बोटं सुजली, पण गोचिडी सरेनात. कारभाऱ्याने आणखी दोन घंगाळं घडवली आणि आणखी दोन घंटावाले नेमले. घोडे पाय आपटत, भिंतींना अंग घासत, दाण्याच्या चंदीला तोंड लावत नसत.

राजाची लाडकी घोडी गाभण होती. ती व्याली तेव्हा तिच्यात उभं राहायचंही बळ नव्हतं. शिंगरू तिसऱ्या दिवशी गेलं. राजा तबेल्यात घोडीपाशी येऊन बसला, तिच्या कानावरून हात फिरवला आणि दचकला. कान आतून भरून गेला होता.

"शेळ्या तर नाहीत आता," राजा म्हणाला. "मग हे आलं कुठून?"

तेव्हा तो म्हातारा मोतद्दार पुढे आला. "आपणच टाकतो महाराज, भिंतीपलीकडे, रोज. ती बाई त्या रोज मारायची. आपलं काम ती करत होती, आणि आपण तिलाच हाकललं."

राजा उठला आणि त्या मोतद्दाराला घेऊन नदी उतरून पलीकडे गेला. धुरपा एका खडकाच्या आडोशाला शेळीचा कान तपासत बसली होती. ती उठली नाही.

"बाई, माझी घोडी मरायला टेकली आहे. काही औषध सांग."

"औषद?" धुरपाचा आवाज चढला. "औषद म्या रोज करत व्हते तुमच्या भिंतीला लागून. तुमीच त्याला काठ्या मारून नदीपार केलं!" मग तिची नजर मोतद्दाराकडे गेली. "आन तू रं? तू वरनं बघितलंस. करडू बघितलंस, मला बघितलंस. तवा तुजं तोंड का शिवलं व्हतं?"

मोतद्दार राजाच्या मागे सरला.

"बाई, तू परत चल," राजा म्हणाला. "मागशील ते देईन."

"माजी तीन करडं द्या."

धुरपाने शेळीच्या कानातून एक फुगलेली गोचीड ओढली आणि राजाच्या तळहातावर ठेवली.

"मारा. भिऊ नगा, हिच्या पोटात शेळीचं रगत हाय. तुमचं फर्मान काय मोडत न्हाई."

राजाने खाली बसून दगड उचलला आणि गोचीड खडकावर चिरडली. लाल डाग पडला. राजाने त्या डागाला बोट लावलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "घोडीच्या कानातही असंच होतं."

"असंच आसतंय," धुरपा म्हणाली. "तुमच्या घोडीचा म्या कंदी राग न्हाई केला महाराज. मुकं जनावर ते. तिच्यासाठी येते म्या. पर ती भिंत आदी उतरवा. टाकणाऱ्याला पल्याड कोण हाय ते दिसलं पायजे."

भिंत उतरवली. कमरेएवढी ठेवली, शेळीला पुढचे पाय टेकून आत डोकावता येईल इतकी. माळावरचं गवत जागेवरच जाळलं, धुरपा शेळ्या घेऊन परतली, तबेल्यांच्या भेगा लिंपल्या, आणि गोचिडी पागेतच, राजाच्या जमिनीवर, राजाच्या देखत निखाऱ्यात पडू लागल्या. फर्मान राजाने स्वतः फाडलं. कारभाऱ्याला त्याने हाकललं नाही. रोज दिवस मावळायच्या आत धुरपाच्या चाळीस शेळ्यांचे कान साफ करायचं काम त्याला दिलं, आणि एखादी गोचीड राहिली तर धुरपा त्याला पुन्हा पहिल्या शेळीपासून सुरुवात करायला लावायची.

धुरपाने घोडीच्या कानातल्या गोचिडी एकेक करून काढल्या आणि घोडी वाचली. पण तिचं शिंगरू परत आलं नाही आणि धुरपाची करडंही परत आली नाहीत. राजा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला, पण त्या चार जिवांची भरपाई त्याला कधीच करता आली नाही.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: आपल्या घरातली कीड जो शेजाऱ्याच्या दारात टाकतो, तो तिला घालवत नाही, तिला पोसतो.