सखाहरी मोठ्या हॉटेलात जेवायला जातो

एका गावात एक भोळा सखाहरी होता. सांगितलेलं तो मन लावून ऐकायचा आणि ऐकलेलं कधी विसरायचा नाही. सगळी अडचण तिथंच होती. एकदा आई म्हणाली, "म्हशीवर नजर ठेव." म्हैस शेजाऱ्याच्या उसात शिरली, पोटभर खाऊन बाहेर आली. सखाहरीने तिच्यावरची नजर एकदाही हलवली नाही.

त्याचा एक मित्र होता प्रल्हाद. शेजारच्या गावच्या रंगराव अण्णांची मुलगी प्रल्हादच्या मनात भरली होती. तिलाही तो पसंत होता. राहिला होता फक्त अण्णांचा होकार. आता गप्प बसावं की नाही? पण प्रल्हादला मोठेपणा मिरवायची भारी हौस. तो अण्णांना म्हणाला, "आम्ही मित्रमंडळी दर रविवारी हायवेवरच्या त्या नव्या हॉटेलात जेवतो."

अण्णा म्हणाले, "मग ह्या रविवारी आम्हीबी येतो. मित्रांनाबी बोलवा. जावई कसा हाय, ते मला त्याच्या मित्रांवरनं कळतं."

प्रल्हादला घाम फुटला. त्याला मित्र दोनच होते. एक शिवदास आणि दुसरा सखाहरी.

रविवारी तिघं अण्णांच्या आधीच हॉटेलवर पोचले. काचेचं दार, आत गार हवा, खाली गालिचा. सखाहरीने दारातच पायातल्या चपला काढल्या आणि दरवानाच्या हातात दिल्या.

प्रल्हाद दात खात म्हणाला, "आरं, चपला घाल! हितं काय काढायचं नसतं. हाय तसं आत चल."

सखाहरीने मान डोलावली आणि गोष्ट डोक्यात पक्की बसवली. तो मोटरसायकलवरून आला होता. डोक्यावर हेल्मेट होतं. काही काढायचं नसतं म्हटल्यावर तो हेल्मेटसकट आत गेला, हेल्मेटसकट खुर्चीत बसला. वेटरने पाणी दिलं. सखाहरीने पेला तोंडाला लावला. पाणी हेल्मेटच्या काचेवर आपटलं आणि नव्या सदऱ्यावरून खाली आलं. आजूबाजूची माणसं जेवायची थांबली.

प्रल्हाद म्हणाला, "काढ ते! टेबलाला बसलं की डोक्यावरचं काढून खाली ठेवायचं. एवढीबी रीत कळत नाय व्हय?"

सखाहरीने मान डोलावली. गोष्ट डोक्यात पक्की बसवली आणि हेल्मेट खुर्चीखाली ठेवलं.

तेवढ्यात अण्णा आले. भरघोस मिशा, पांढरं धोतर आणि डोक्यावर खास आजच्यासाठी बांधलेला गुलाबी फेटा. नमस्कार झाले. अण्णा टेबलाला बसले. सखाहरीने वाट पाहिली. म्हातारा काही डोक्यावरचं काढेना. बिचाऱ्याला इथली रीत ठाऊक नसावी, असं वाटून सखाहरीला त्याची दया आली. तो उठला, अण्णांच्या डोक्यावरचा फेटा अलगद उचलला आणि खुर्चीखाली हेल्मेटशेजारी ठेवून दिला.

अण्णांनी टकलावरून हात फिरवला. ते हसले, पण मिशा हसल्या नाहीत. प्रल्हादने फेटा झटकून परत दिला, पाया पडून माफी मागितली आणि सखाहरीला बाजूला ओढलं.

"मोठ्या माणसाच्या अंगाला हात लावायचा नाय! काय करायचं असंल तर वेटर हाय. त्याला सांग."

सखाहरीने मान डोलावली. हे तर फारच सोपं होतं.

मग वेटरने जाडजूड मेनू आणून दिला. प्रल्हादने वाचला, शिवदासने वाचला. दोघांनाही त्यातलं अक्षर कळेना. कुठला पदार्थ कशाशी खातात हे दर रविवारी येणाऱ्या माणसाने अण्णांसमोर विचारायचं तरी कसं? "जरा खास सांगून येतो," असं म्हणत दोघं हळूच काउंटरवर विचारायला गेले. टेबलाशी उरले अण्णा आणि सखाहरी.

समोर वेटरने आधीच आणून ठेवलेल्या परातीएवढ्या बशीत मधोमध काहीतरी चिमूटभर कुरकुरीत ठेवलेलं होतं. अण्णांनी ते तोंडात टाकलं आणि त्यांना ठसका लागला. डोळे पांढरे झाले, चेहरा लाल झाला. ते हातवारे करू लागले. सखाहरीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले, उगाच चुकून लागायला नकोत. मग त्याने शांतपणे हाक मारली, "वेटर, सवड झाली की हिकडं या. ह्यांचा जीव चाललाय."

प्रल्हाद धावत आला. अण्णांची पाठ थोपटली, पाणी पाजलं. अण्णांचा श्वास जाग्यावर आला. प्रल्हाद सखाहरीच्या कानाशी पुटपुटला, "आरं बैला, माणूस असा लालबुंद झाला, तोंडातनं शब्द फुटंना, की पाठीत जोरात एक घालायची! इचारत बसायचं नसतं."

सखाहरीने मान डोलावली.

डोळे पुसत अण्णांनी विचारलं, "प्रल्हादराव, तुम्ही दर रविवारी येता. मग हा वेटर तुम्हाला वळखत कसा नाय?"

प्रल्हाद म्हणाला, "ते... म्हंजे... त्याचं असं..." त्याचा चेहरा लाल झाला. शब्द फुटेना.

सखाहरीने सगळी ताकद एकवटून त्याच्या पाठीत घातली. प्रल्हादचं तोंड बशीवर आपटलं आणि आतलं सगळं बाहेर आलं, "पयल्यांदाच आलोय, अण्णा!"

अण्णांनी मिशीला पीळ दिला. जेवण कसंबसं उरकलं. आता सगळी मदार गोडावर होती. गुलाबजाम आले. सखाहरीने विचारलं, "अण्णा, घेताय न्हवं?" अण्णा म्हणाले, "नको." "बरं," म्हणून सखाहरीने त्यांच्या वाटीतला गुलाबजाम उचलून स्वतः खाल्ला.

प्रल्हाद रडकुंडीला येऊन सखाहरीच्या कानाशी कुजबुजला, "पाहुणा नको म्हणला म्हंजे त्याला नको असतं व्हय रं? ते वरवरचं असतंय. आग्रह करायचा! एक नको म्हणला, तर दोन वाढायचं. उठून निघाला, तरी हात धरून बसवायचं. घेतल्याबिगार सोडायचंच नाय!"

सखाहरीने मान डोलावली. या खेपेला त्याने ते मनात दोनदा म्हणून पाहिलं.

अण्णा उठले. फेटा सारखा केला. म्हणाले, "ह्या भोळ्या पोरावर माझा राग नाय. ह्यो मला एका शब्दानं खोटं बोलला नाय. खोटं बोलला तुम्ही, प्रल्हादराव, आणि तेबी जेवणासारख्या गोष्टीवरनं. पोरीला काय सांगायचं ते मी सांगीन. मला असला जावई नको."

ते दाराकडे वळले. प्रल्हाद मटकन खाली बसला.

सखाहरीचा चेहरा मात्र उजळला. जे शिकवलं होतं, अगदी तेच समोर आलं होतं. त्याने धावत जाऊन अण्णांचा हात धरला, त्यांना ओढत आणून खुर्चीत बसवलं. मग एका हाताने प्रल्हादला उठवलं, दुसऱ्या हाताने शिवदासची कॉलर पकडली आणि दोघांना अण्णांच्या पुढ्यात उभं केलं.

"असं कसं, अण्णा? लाजू नका! एक जावई नको म्हणताय, आता दोन घ्यावंच लागतील. आणि ह्यो शिवदास तर एकदम तयार माल हाय. बायको हाय, दोन पोरं हायती, तुमच्या पोरीला काय म्हंजे काय करायला लागणार नाय!"