आठ पायांचा आंबा

धामणखोलच्या वरवाडी आणि खालवाडीच्या मधोमध एक रायवळ आंबा उभा आहे, तोही एका खोडावर नव्हे, आठ पायांवर. मूळचं खोड कधीच कुजून गेलं. तिथे आता माणूस वाकून मावेल एवढी पोकळी आहे, आणि भोवतीने आठ जाडजूड बुंधे जमिनीतून निघून वर एकाच झाडाला मिळाले आहेत. पाहुणे पोकळीत शिरून फोटो काढतात. इथल्या देवळाचे पुजारी दत्ताराम गुरव काढू देतात आणि मग म्हणतात, "झालो काढून? आता भायर येवा. खंय उभे रवल्यात ता आयका."

फार पूर्वी या दोन वाड्यांचं जमिनीवरून हाडवैर होतं, असे सांगतात. शेवटी पंचांनी निवाडा दिला, आंबा हिरवा आहे तोवर सीमा आंब्याची. आंबा कुऱ्हाडीने पाडणार नाही, अशी शपथ दोन्हीकडच्या मानकऱ्यांनी ग्रामदैवत रवळनाथासमोर घेतली. वरवाडीचा मानकरी चांगोजी देवाला भिणारा होता, पण जमिनीची हाव त्याहून मोठी. एका ज्येष्ठातल्या सकाळी तो भाऊबंद घेऊन आला आणि त्याने आंब्याची साल घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चहूबाजूंनी सोलून काढली. जाब विचारला तेव्हा म्हणाला म्हणे, "आमी आंबो खंय पाडलो? फक्त साल काढली." शपथेतून पळवाट काढणारा माणूस देवालाही आपल्यासारखाच कारकून समजतो, दुसरं काय.

खालवाडीचे लोक कोयते घेऊन धावले. पुढचं सगळं घटकाभरात उरकलं. कुणाचा हात खांद्यापासून गेला, कुणाची मान अर्धी लोंबत राहिली. चांगोजीच्या धाकट्या भावाला दोघांनी धरलं आणि तिसऱ्याने चिरलं. राही नावाच्या विधवेचा एकुलता एक मुलगा विसू सोललेल्या खोडाला टेकून, फाटलेलं पोट दोन्ही हातांनी धरून बसला होता. आई येईपर्यंत तो संपला होता. खालचे चार आणि वरचे तीन, असे सात गेले.

पंधरा दिवसांत आंब्याची पानं मलूल झाली, तसे दोन्ही वाड्यांत पुन्हा कोयते घासले जाऊ लागले. झाड वाळलं की सीमा गेली, आणि सीमा गेली की उरलेलेही जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. राहीच्या घरात विसूची दोन लेकरं होती. रडायला तिला सवड नव्हती.

तिचा बाप माळी, कलमं बांधण्यात तिचा हात बसलेला. साल गेली म्हणजे झाडाचा आणि मुळांचा व्यवहार तुटला, आता त्याला नवे पाय दिले तरच ते जगेल, हे ती जाणून होती. विसूच्या नावाचं रोप तिने स्वतःच्या परसातून काढलं आणि उरलेल्या सहा घरी जाऊन ती प्रत्येक मेलेल्याच्या परसातलं छातीएवढं आंब्याचं रोप मागू लागली. वरवाडीच्या पुरुषांनी तिला हाकलून दिलं. त्यांच्या विधवांनी मात्र तीन रोपं मुळांच्या मातीसकट दगडी गडग्यावरून गुपचूप खाली सोडली.

आषाढात, भर पावसात, राही कामाला लागली. एकेक रोप तिने बुंध्याशी लावलं. सोललेल्या भागाच्या वर रोपाचा शेंडा जिथे टेकला तिथे झाडाची साल तासली, रोपही तेवढंच तासलं, जखमेवर जखम बसवली, केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या ओल्या सालपटाने, घट्ट आवळली आणि वरून शेणमाती लिंपली. सहा सांधे झाले. सातवा ती दोन्ही हातांनी दाबून धरत होती, तेवढ्यात मागून चांगोजी आला.

पहिला वार तिच्या खांद्यावर बसला. हाड दिसू लागलं, पण तिने हात काढले नाहीत. त्याने पुन्हा कोयता उगारला. तिने मान वळवूनही पाहिलं नाही.

"मारूचा आसात तर मार," ती म्हणाली. "पण ह्यां तुज्या भावाच्या दारचां रोप. माजे हात सुटले तर तेचो सांधो सुटतलो. आधी सोप बांध, मगे मार."

असे सांगतात, की चांगोजीचा उगारलेला हात खाली आला. मग त्याने कोयता चिखलात रोवला, गुडघे टेकले आणि तिच्या बोटांवरून, तिच्या रक्ताने निसरडा झालेला सोप आवळत गेला. जन्मात पहिल्यांदा त्याला लाज वाटली होती. गाठ बसल्यावरच राहीने हात सोडले. दिवस मावळायच्या आत ती गेली.

आठवं रोप चांगोजीने स्वतःच्या परसातून उपटून आणलं. ते तिच्या नावाचं. सांधा धरायला त्याच्यासोबत कोण येणार, असा प्रश्न पडला, तेव्हा विसूची बायको पुढे झाली. श्रावणात आंब्याला नवी तांबूस पालवी फुटली आणि सीमा राहिली.

आजही आषाढात त्या दिवशी दोन्ही वाड्या आंब्याखाली जमतात. राहीच्या घरची सून झाडाकडे तोंड करून दोन्ही हातांनी बुंधा धरते. तिच्या मागे चांगोजीच्या घरचा पुरुष उघडा कोयता घेऊन उभा राहतो, मग तो चिखलात रोवतो आणि सोप बांधतो. बांधून होईपर्यंत ती मागे पाहत नाही. गेल्या साली एका पाहुणीने तिला विचारलं, "कोयता खरा असतो? भीती नाही वाटत?"

"वाटता तर," ती पदराने हात पुसत म्हणाली. "तेका धार आमीच लावन देताव."